कंपनीचं सिमकार्ड परत केलं आणि नऊ वर्षांची ओळख गेली. स्वतःचं नाव कसं उभं करायचं?

मृगबाग (रविवार, रात्री १०.१२)

मंडळी, हे लिहू की नको असं करत चार दिवस गेले. आज लिहितोच.

मी यावल तालुक्यातला. कृषी पदविका झाली आणि एका निविष्ठा (खतं, औषधं) कंपनीत फील्डवर लागलो. नऊ वर्षं यावल, रावेर, मुक्ताईनगर या पट्ट्यातल्या केळीच्या बागा तुडवल्या. मृगबाग, कांदेबाग, पिलबाग, सगळे हंगाम बांधावर काढले. पानावर हरण्या (पुस्तकात ज्याला कुकुंबर मोझॅक म्हणतात तो रोग) दिसायला लागला की कोणतं झाड आजच उपटून बांधाबाहेर न्यायचं आणि कोणतं अजून दोन दिवस बघायचं, हे मला कळतं. घड निसवल्यावर किती फण्या ठेवायच्या, केळफूल कधी कापायचं, थंडीचा चरका बसू नये म्हणून काय करायचं, हे मी हाताने केलेलं काम आहे.

कंपनीत मात्र माझं मोजमाप महिन्याला किती डबे खपले यावर व्हायचं. एखाद्या बागेला फवारणीची गरज नाही असं खरं सांगितलं की माझा आकडा खाली यायचा. वर्षानुवर्षं ते ओझं घेऊन फिरलो. शेवटी होळी झाल्यावर राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी टॅब, ओळखपत्र आणि सिमकार्ड जमा केलं. ते सिम दुसऱ्याच दिवशी नव्या मुलाच्या मोबाइलमध्ये गेलं. नऊ वर्षांत ज्यांनी ज्यांनी मला रात्री-बेरात्री फोन केले, त्यांचे फोन आता तो उचलतो.

महिनाभराने सावद्याच्या बाजारात एक काका भेटले. त्यांच्या सहा हजार खोडांच्या बागेत मी दोन पावसाळे हरण्याशी झगडलो होतो. त्यांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "पाहेल वाटतो भो तू. कोन आहे?" कंपनीचं नाव घेतल्यावर ओळख पटली. त्यांनी मोबाइल काढून दाखवला. माझा जुना नंबर कंपनीच्या नावाने होता आणि पुढे नुसतं 'सर'.

काकांचा यात काही दोष नाही. प्रत्येक फोनची सुरुवात मीच कंपनीच्या नावाने करत होतो. पण त्या रात्री झोप लागली नाही. वय छत्तीस, दोन मुलं, तीन एकर वडिलोपार्जित जमीन, आणि माझ्या कामाला माझं नावच नाही.

जळगावला एका व्याख्यानात 'पर्सनल ब्रँड' हा शब्द ऐकला. वक्ते म्हणाले, रोज लिंक्डइनवर लिहा, चांगला फोटो टाका, स्वतःला विका. मला ते जमेल असं वाटत नाही आणि जमलं तरी माझ्या कामाला ते लागू पडेल का, कळत नाही. मला बागेतलंच काम करायचं आहे, पण डबे खपवायचे नाहीत. ज्यांनी आपल्या भागात राहून किंवा इथून बाहेर जाऊन स्वतःचं नाव उभं केलं त्यांनी कृपया सांगा, सुरुवात कुठून करायची?

पांझराकाठ (सोमवार, सकाळी ७.५०)

मृगबाग भाऊ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी मूळची धुळ्याची, सतरा वर्षं पुण्यात कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात काम करते आहे.

आधी त्या शब्दाबद्दल, म्हणजे धाक कमी होईल. तो गाजवला टॉम पीटर्स या अमेरिकी व्यवस्थापन लेखकाने, १९९७ साली फास्ट कंपनी मासिकातल्या एका लेखातून. एकाच कंपनीत आयुष्य काढायचे दिवस संपत आले होते, म्हणून माणसाने आपली ओळख कंपनीवर न सोडता स्वतः घडवावी, असं त्याचं म्हणणं. तेव्हा लिंक्डइन नव्हतंच, ते २००३ साली आलं. फोटो आणि रोजचं लिहिणं ही साधनं मागाहून चिकटली आहेत. मूळ प्रश्न तुमचाच आहे: कंपनीची पाटी काढली तर माझं काय उरतं?

आता माझी गोष्ट सांगते, कारण या विषयात कोणी न सांगितलेली एक बाजू मला भोगून कळली.

माझं नाव झालं होतं. चांगलं दणदणीत झालं होतं. पंधरा वर्षांपूर्वी एका कारखान्यात एक विभाग बंद करायचा होता, दोनशेच्या वर माणसं घरी जाणार होती. मी ते काम शक्य तितक्या माणुसकीने केलं. एकेकाला बोलावून हिशेब समजावला, ग्रॅच्युइटीचे कागद स्वतः तपासले, कुणाची मुलगी लग्नाची होती त्याची रक्कम आधी काढून दिली. कुठे दगडफेक नाही, कोर्टकचेरी नाही. वरच्यांनी कौतुक केलं. मग दुसऱ्या कारखान्याने त्याच कामासाठी बोलावलं, मग तिसऱ्याने. पगार वाढत गेला. मी कार्यक्रमांत त्यावर बोलले, लेख लिहिले. सगळं पुस्तकातल्यासारखं बरोबर केलं. आणि एके दिवशी लक्षात आलं, मला फोन येतो तो फक्त माणसं काढायची असली की. एका जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये शिरले आणि तीन टेबलं गप्प झाली.

म्हणून सांगते भाऊ, नाव ज्या कामाचं होतं तेच काम फिरून फिरून दाराशी येतं. आपण त्यात चांगले आहोत एवढं बघून चालत नाही. ते काम उद्याही यावं, परवाही यावं असं वाटतं का, हे आधी विचारावं लागतं. मी ते विचारलं नाही. पुढे चार वर्षं घालवून मी वळले. आता आयटीआयच्या शिकाऊ मुलांना कारखान्यात रुजवण्याचं काम करते, त्यातली पुष्कळ पोरं धुळे-शिरपूरकडची असतात. पगार तेव्हापेक्षा कमी आहे. सकाळी कामाला जावंसं वाटतं.

तुमचं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. 'गरज नाही असं खरं सांगितलं की आकडा खाली यायचा' हे वाक्य पुन्हा वाचा.

स्टेशनरोड (सोमवार, दुपारी ३.०५)

मी चाळीसगावचा, रेल्वेतून निवृत्त. मला या सगळ्यात थोडी घाई दिसते.

आमच्या स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस राहायचे. १९१२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी माणूस आयुष्याचा बहुतेक काळ चाळीसगावात राहिला आणि १९८९ च्या शेवटच्या दिवशी इथेच गेला. घराबाहेर पडणं जवळपास नाहीच. टेबलावर साध्या वस्तू मांडून, दिव्यांचा खेळ करून अशी छायाचित्रं काढायचे की बघणाऱ्याला वाटावं हिमवर्षाव होतो आहे, वाळवंट आहे. देशविदेशांत त्यांचं नाव झालं. मोठमोठी माणसं त्यांच्या दारी आली. त्यांनी स्वतःची जाहिरात केली नाही. काम असं करावं की जग शोधत आलं पाहिजे. हा पोरगा नऊ वर्षं चांगलं काम करत होता तर धीर धरावा, लोक शोधत येतील.

मृगबाग (सोमवार, रात्री ९.३०)

नाना, तुमचा मान राखून बोलतो. लोक शोधतच आहेत हो. पण शोधताना ते जो नंबर लावतात तो दुसऱ्याच्या खिशात आहे.

आणि केकी मूस यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी विचार करत होतो. ते घराबाहेर पडले नाहीत, पण त्यांची छायाचित्रं पडली ना? ती स्पर्धांना गेली, प्रदर्शनांना गेली, पारितोषिकं मिळवून आली. छायाचित्र हाताने उचलून दुसऱ्या गावी नेता येतं. माझं काम बागेत होतं आणि बागेतच राहतं. घड कापून ट्रकमध्ये गेला की मी काय केलं त्याचा पुरावा संपला. उपटलेलं झाड कुणाला दिसत नाही. माझ्या कामाचं 'छायाचित्र' काय, हे मला सापडत नाही.

ताई, तुमचा कँटीनचा प्रसंग विसरता येणार नाही. मी आज दिवसभर एका कागदावर दोन रकाने केले: कोणतं काम परत यावं आणि कोणतं येऊ नये. पहिल्यात आलं: बाग चालत फिरणं, रोग लवकर ओळखणं, घडाची निगा, तरुण शेतकऱ्याला शिकवणं. दुसऱ्यात आलं: विक्री, वसुली, मेळाव्यात टी-शर्ट वाटणं.

स्टेशनरोड (सोमवार, रात्री १०.१५)

चित्रं बाहेर गेली हे खरं. तेवढं माझं लिहायचं राहिलं. बोल पुढे, वाचतो आहे.

मक्याचे दाणे (मंगळवार, सकाळी ६.२०)

मी नंदुरबार जिल्ह्यातली, परिचारिका आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडे कंत्राटी काम करते. मृगबाग दादांच्या 'छायाचित्र काय' या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे.

आमच्याकडे सिकलसेल (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) पुष्कळ. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्याच्याही आधीपासून आम्ही तपासण्या करतो. तपासणी सोपी आहे, समजावणं अवघड. नवरा-बायको दोघंही वाहक (अंगात दोष, पण स्वतः आजारी नाहीत असे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. हे आकडे पाड्यावर जाऊन सांगितले की लोक मान हलवतात आणि काही कळत नाही. एक पोर आजारी निघालं की त्यांना वाटतं आता पुढची तिघं निरोगी... तसं नसतं, दरवेळी नवा डाव असतो.

माझं माहेर पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्यांच्या शेजारचं, त्यामुळे भाषा येते. एकदा एका घरात मक्याची कणसं सोलायचं चाललं होतं. मी नवऱ्याच्या मुठीत एक पांढरा आणि एक लाल दाणा दिला, बायकोच्या मुठीत तसेच दोन. म्हटलं, डोळे मिटून एकेक काढा. दोन लाल आले तर बाळ आजारी, एक लाल आला तर वाहक, दोन्ही पांढरे तर काही नाही. मग दाणे परत मुठीत टाका आणि पुन्हा काढा. त्या बाईने बारा वेळा काढले. शेवटी तीच तिच्या सासूला समजावत होती.

तेव्हापासून मी पाड्यांवर 'दाण्यांवाली सिस्टर' झाले. माझं नाव, आडनाव, शिक्षण कुणाला ठाऊक नाही, पण दाणे ठाऊक आहेत. सासरी फोटो टाकायला नको म्हणाले, आणि खरं तर मलाही नको होता. मी पावरीत चार-चार मिनिटांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि आशा ताईंना पाठवलं. माझा चेहरा कुठेच नाही, आवाज मात्र डोंगरापलीकडे बडवानीकडच्या पाड्यांवरही गेला. आता दुसऱ्या तालुक्यांतून प्रशिक्षणाला बोलावतात.

तर दादा, लोकांच्या हातात उरेल अशी एखादी वस्तू शोधा. आमचे दाणे होते. तुमचं काय ते तुम्हालाच सापडेल.

एक जपा. मी कोणत्याही रुग्णाचा फोटो, नाव, पाडा कधीच सांगत नाही, कितीही चांगली गोष्ट असली तरी. तुम्हीही शेतकऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या रोगट बागेचा फोटो कुठे टाकू नका. व्यापारी तोच फोटो दाखवून भाव पाडेल. आणि इथे कुणी राज्य सरकारच्या कायम नोकरीत असेल तर त्यांनी काहीही प्रसिद्ध करण्याआधी महाराष्ट्र नागरी सेवेचे १९७९ चे वर्तणूक नियम वाचावेत आणि लेखी परवानगी घ्यावी. माझ्या ओळखीतल्या एका ताईंना फार त्रास झाला.

तिसरंवर्ष (मंगळवार, दुपारी १.४०)

मी जळगावला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सगळ्यांचं वाचलं, पण माझ्याकडे नऊ वर्षं नाहीत, नऊ महिनेही नाहीत. आमच्या वर्गात सगळ्यांनी लिंक्डइनवर 'उत्साही, जिज्ञासू, शिकण्यास तत्पर' असं लिहिलं आहे. मीही तेच लिहिलं आहे. ऑनलाइन कोर्सची अकरा प्रमाणपत्रं टाकली आहेत. कुणी विचारत नाही. ज्याच्याकडे अजून कामच नाही त्याने नाव कशाचं करायचं?

डायवाला (मंगळवार, रात्री ८.५५)

तिसरंवर्ष भाऊ, मी तुझ्याच गावात आहे, एमआयडीसीत. चटईच्या आणि पाइपच्या कारखान्यांच्या डाय (मालाला आकार देणारे साचे) दुरुस्त करतो. शिक्षण दहावी.

तुझी अकरा प्रमाणपत्रं बाजूला ठेव आणि एक बिघडलेली वस्तू दुरुस्त कर. खरीखुरी, कुणाच्या तरी घरची. तुमच्या शेतात ठिबक असेल तर त्याचा फिल्टर उघड, कुठे क्षार बसतो, कोणत्या लाइनला दाब पडतो, आम्ल सोडायच्या आधी किती पाणी येत होतं आणि नंतर किती आलं, बादली लावून मोज. तारीख टाकून लिहून ठेव. फोटो काढ. अशा दहा बागांच्या नोंदी झाल्या की 'जिज्ञासू' हा शब्द लिहायची गरज पडणार नाही.

मी स्वतः वही ठेवतो. बावीस वर्षांच्या सात वह्या आहेत. कोणती डाय, काय बिघाड, किती तास, काय केलं. नवा मालक आला की मी बोलत नाही, वही पुढे करतो. बस.

पांझराकाठ ताईंचं म्हणणं मलाही लागू पडलं. मी एकदा रात्री दोनला जाऊन लाइन चालू करून दिली. तेव्हापासून 'रात्री येतो तो' म्हणून माझं नाव झालं आणि दहा वर्षं मी नीट झोपलो नाही. बायकोने पाठदुखीचे एक्सरे पुढ्यात ठेवले तेव्हा थांबलो. आता रात्रीचा फोन माझा भाचा उचलतो.

पांझराकाठ (बुधवार, सकाळी ८.१०)

डायवाला भाऊ, वहीची गोष्ट मी माझ्या शिकाऊ मुलांना वाचून दाखवणार आहे.

आता एक मुद्दा राहिला तो मांडते: हे सगळं दाखवायचं कुणाला? आपल्याकडे कामाचं म्हटलं की आधी भाऊबंद, सोयरे, मित्र. पण त्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत बोस्टनजवळच्या न्यूटन गावात हे तपासलं आणि १९७३ साली प्रसिद्ध केलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. म्हणजे लग्नात एकदा भेटलेला मावसबहिणीचा दीर हा रोजच्या पारावरच्या मित्रापेक्षा नवी बातमी आणायची शक्यता जास्त.

२०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगाचा निष्कर्ष आला. फार घट्टही नाही आणि अगदी अनोळखीही नाही, अशा मधल्या ओळखी नोकरी मिळवून द्यायला सगळ्यात उपयोगी पडतात. एक बारकावाही निघाला. ज्या उद्योगांत संगणकाचं काम कमी, तिथे घट्ट ओळखीच जास्त कामाला येतात. तिसरंवर्षने लिंक्डइन सोडू नये. मृगबाग भाऊंनी मात्र त्यावर फार रात्री घालवू नयेत, त्यांचं लिंक्डइन सावद्याच्या बाजारात भरतं.

हो, आणि भाऊ, कंपनीच्या यादीतले नंबर कुठे उतरवून ठेवले असतील तर वापरू नका. नेमणुकीच्या करारात बहुधा गोपनीयतेचं कलम असतं, ते काढून वाचा. प्रत्यक्ष भेटा, जो आपणहून नंबर देईल त्याचाच घ्या.

डायवाला (बुधवार, रात्री १०.००)

नावावरून आठवलं. आपली केळी उत्तरेत कितीतरी वर्षं 'भुसावळची' म्हणून ओळखली जायची, कारण रेल्वेचं नाव ते. पिकवायचे रावेर-यावलवाले. २०१६ ला 'जळगाव केळी'ला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी त्या मानांकनासह दुबईला गेली. फळ तेच होतं. कुठलं, कुणी पिकवलं आणि त्यात काय वेगळं, हे कागदावर आलं एवढंच. मृगबाग भाऊ, तुमचाही कागद करा.

मृगबाग (गुरुवार, पहाटे ५.३०)

डायवाला दादा, 'कागद करा' वाचून रात्री उठून बसलो. आज करून बघतो.

मक्याचे दाणे (त्यानंतरचा सोमवार, सकाळी ६.४५)

अजून एक, आधी लिहायचं राहिलं. नाव झालं की फुकटचीही कामं येतात. 'ताई, तुमचं चांगलं आहे, आमच्याकडे एक दिवस या ना.' गाडीभाडं सुद्धा देत नाहीत. मला नाही म्हणता यायचं नाही, कारण वाटायचं गर्व झाला म्हणतील. दीड वर्षात मी इतकी दमले की घरच्यांवर ओरडायला लागले. आता महिन्यातले दोन दिवस पाड्यांसाठी फुकट, ते आधीच ठरलेले. बाकी संस्थांना मानधन लेखी सांगते. दोन संस्था तुटल्या. ज्या राहिल्या त्या वेळेवर जेवणही देतात. दादा, दर सुरुवातीलाच ठरवा, नंतर बोलणं फार जड जातं.

मृगबाग (ऑगस्ट, रविवार रात्री ९.१५)

मंडळी, चार महिन्यांनी येतोय. माफ करा, लागवडीचे दिवस होते, मग पाऊस, मग हरण्या.

काय केलं ते सांगतो. स्वतःचं सिम घेतलं. आणि एक कागद बनवला. वहीच्या अर्ध्या पानाएवढा, कार्बन लावून दोन प्रती. त्यावर तारीख, शेतकऱ्याचं नाव, गट, खोडांची संख्या, लागवड कधीची. मग तीन ओळी: काय दिसलं, काय करायचं, काय करायचं नाही. खाली माझं नाव, गाव, नंबर. एक प्रत शेतकऱ्याला, एक माझ्या वहीत. औषध सांगितलं तर फक्त केळीसाठी लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची अधिकृत मान्यता) असलेलं, तेही दुकानाचं नाव न लिहिता. कुणाकडून कमिशन घेत नाही हे कागदावर छापलं आहे.

पहिले दोन महिने फार अवघड गेले. फी सांगितली की लोक म्हणायचे, कंपनीवाले तर फुकट येतात. वीस-बावीस बागांत एक पैसा न घेता गेलो. बायकोने काही म्हटलं नाही, पण किराण्याची यादी आखूड झाली ती मला दिसत होती. वडिलांनी एकदा विचारलं, नोकरी परत मिळेल का? मी गप्प राहिलो.

जूनच्या शेवटी एक गोष्ट घडली. चिनावलच्या एका शेतकऱ्याला दुकानदाराने चार औषधांची चिठ्ठी दिली होती. मी बाग फिरलो. मावा नव्हता, पानं निरोगी होती, दोन झाडं संशयाची होती ती उपटायला लावली, बांधावरच्या काकडीवर्गीय वेली काढायला लावल्या. तिसऱ्या ओळीत लिहिलं: 'आज फवारणी करू नका. आठ दिवसांनी पुन्हा बघू.' आठ दिवसांनी गेलो, पुन्हा तेच लिहिलं. त्याने तो कागद खळ्याच्या भिंतीला खिळ्याने लावला. आल्यागेल्याला दाखवायचा, पहा, एवढे पैसे वाचले. कुणीतरी फोटो काढून भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला, तो बऱ्हाणपूरपर्यंत गेला. तिकडून एकाचा फोन आला, "फवारू नका लिहून देणारे तुम्हीच का?"

पांझराकाठ ताई, मी फोन ठेवून बांधावर बसलो. ज्या वाक्यापायी नऊ वर्षं बोलणी खाल्ली, त्याच वाक्यावरून मला लोक ओळखायला लागले आहेत. तुम्ही एप्रिलमध्येच बोट ठेवलं होतंत.

सध्या एकतीस बागा नियमित आहेत, त्यातल्या एकोणीस फी देतात. निर्यातीच्या केळीचं काम करणाऱ्या एका पॅकहाऊसने आठवड्याचे दोन दिवस घडांच्या निगेसाठी घेतलं आहे, विरळणी कशी करायची ते मजुरांना शिकवतो. कंपनीत मिळायचं त्याच्या साधारण दोन-तृतीयांश हातात येतं. मक्याचे दाणे ताई, तुमचं ऐकून दर छापूनच टाकला, त्याने तोंडचं बोलणं वाचलं. सगळंच बरोबर आलं असं नाही. एका बागेत मी दोन दिवस थांबायला सांगितलं आणि रोग पसरला, चाळीस खोडं गेली. तेही कागदावर आहे, माझ्या सहीनिशी. त्या शेतकऱ्याची फी परत केली. तो अजून बोलावतो.

सावद्याचे ते काका परवा भेटले. मी नाव सांगायच्या आधी त्यांनी मोबाइल काढला आणि म्हणाले, "नंबर सांगजो भो, मले तुह्या नावानं टाकू दे."

स्टेशनरोड (रविवार, रात्री ९.५०)

तो भिंतीवरचा कागद मला पाहायचा आहे. शेतकऱ्याचं नाव झाकून फोटो टाकता येईल का?

तिसरंवर्ष (रविवार, रात्री १०.०५)

दादा, माझ्या सहा ठिबकच्या नोंदी झाल्या, पण सगळ्या कापसाच्या शेतातल्या आहेत. केळीची एकही नाही. तुमच्यासोबत एक दिवस येऊ का?

मृगबाग (रविवार, रात्री १०.२०)

नाना, त्यांना विचारून टाकतो.

तिसरंवर्ष, ये. मंगळवारी सकाळी सहाला चिनावलच्या बागेत आहे, तिथे चौथ्या लाइनला पाणीच पोचत नाही आणि कारण मला सापडलेलं नाही. सोमवारी संध्याकाळच्या बसने सावद्याला उतर, मी घ्यायला येतो. जेवण-झोपणं आमच्याकडेच. बादली आणि वही आण.